सातवा धडा

जिल्हा कार्यालयाचं पत्र सप्टेंबरात आलं:
"ग्रंथपालांसाठी ऑनलाइन तंत्रशिक्षण. अठरा धडे.
आपल्या सवडीने, आपल्या गतीने."
माझी गती त्यांनी पाहिलेली नाही.

एकतीस वर्षं मी पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारतेय.
हाताला त्याचा ठेका इतका बसलाय
की घरी पावाला लोणी लावतानाही
सुरी दोनदा आपटते.

पहिल्या धड्यात खातं उघडायचं होतं.
पासवर्ड लिहिला जुन्या सूचीकार्डाच्या पाठीवर.
कार्डांचं कपाट केव्हाच तळघरात गेलं,
कार्डं मी वाचवली, बुटांच्या तीन खोक्यांत.
पुढे "मधमाश्या: पालन व निगा",
मागे माझ्या मांजरीचं नाव आणि जन्मसाल.
(मांजरीचं. माझं नाही. एवढी अक्कल आहे.)

दुसरा धडा ऑक्टोबरात.
तिसरा, मिनेसोटाचं पहिलं बर्फ पडलं त्या रात्री.
चौथ्यात घोडं पेंड खायला लागलं:
टॅग म्हणजे काय, तेच कळेना.
कळलं, तेव्हा रागच आला.
ही तर आमचीच विषयसूची,
शिस्त सोडून अंगणात हुंदडायला गेलेली!
एका पुस्तकाला वीस नावं, आणि कुणीही द्यावीत?
रात्रभर चडफडले.
सकाळी लांडग्यांच्या पुस्तकाला मीच एक नाव दिलं,
"एकट्याने वाचू नये, रात्री तर नाहीच."
एकतीस वर्षं हे सांगायला
कार्डावर जागा नव्हती.

सातवा धडा आवाजाचा.
"दोन मिनिटं काहीही रेकॉर्ड करा आणि पाठवा."
जेवणाच्या सुट्टीत लाल बटण दाबलं, घसा खाकरला,
एवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं.
मी उठले. बटण तसंच राहिलं.

रात्री घरी हेडफोन लावून ऐकलं.
रेडिएटरचं पोटातलं गुरगुरणं.
दार. ओले बूट. ओढलेली खुर्ची.
मग ऑरिन गोर्शे, नववीतला,
वर्गात ज्याचा शब्द उंबऱ्यातच अडतो
आणि तो पुरा करून द्यायला सगळे टपलेले असतात.
मीही. दोनदा. कबूल करते.

तो वाचत होता.
गोठलेल्या तळ्यावर नोव्हेंबरात पाऊल टाकतात तसा,
कान देऊन, वजन तोलत.
अडायचा. थांबायचा. पुन्हा मागून यायचा.
कुणी घाई करत नव्हतं.
अकरा मिनिटं.
मला वाटायचं, तो उबेला येतो.

पडद्यावर हिरवी पट्टी, तेहतीस टक्के,
पुढे सरकायला आसुसलेली.
खाली निळं बटण: पाठवा.
पुस्तकं परत करा म्हणून किती चिठ्ठ्या धाडल्या मी जन्मभर!
पण न विचारता नेलेलं परत कसं करायचं,
ते अठरांपैकी कुठल्याच धड्यात नव्हतं.
पुसायला गेले.
"खात्री आहे का?" यंत्राने विचारलं.
नव्हती. तरी "हो" दाबलं.

दुसऱ्या दिवशी मायक्रोफोन त्याच्या टेबलावर ठेवला
आणि सांगून टाकलं:
काल हा चालू राहिला. मी ऐकलं. पुसलं. चुकलं माझं.
त्याचे कान लाल झाले.
बराच वेळ रेडिएटरच बोलत होता.
मी गप्प बसले. तेवढं मात्र शिकले होते.

"प… प… पुसायच्या आधी," तो म्हणाला,
"कसं वाटलं, ऐकायला?"

आता एप्रिल. तळ्यावरचं बर्फ काळं पडलंय.
आठ ते बारा धडे झाले,
तेराव्यात नकाशे आहेत, त्यात मी हरवलेय.
सातव्यापुढे अजून पिवळा ठिपका.
कार्यालयाने आठवण पाठवली:
"व्हर्ना सालमेला, आपला एक धडा प्रलंबित आहे."

मायक्रोफोन ऑरिनकडे असतो.
बटण तो कधी दाबतो, कधी नाही. मी विचारत नाही.
जेवणाच्या सुट्टीत हल्ली शिक्काही मारत नाही,
त्याचा ठेका मोडतो.